राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ (१८४४ – १९०५) हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य भारतीय छायाचित्रकार होते. लाला दीनदयाळ या नावानेही ते ओळखले जातात. हैदराबाद संस्थानचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार होते. भारताच्या व्हाइसरॉयांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती आणि पुढे व्हिक्टोरिया राणीकडूनही त्यांना नियुक्तिपत्र मिळाले. सिकंदराबाद, हैदराबाद व मुंबई येथे त्यांनी स्टुडिओ चालविले.

दीनदयाळ यांच्या कारकिर्दीच्या काळात परभणी, औरंगाबाद, बीड व नांदेड हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे मराठवाड्याच्या दृश्य इतिहासातही त्यांच्या कामाला स्थान आहे. वेरूळची लेणी आणि देवगिरीचा किल्ला यांची त्यांनी टिपलेली दृश्ये जशी महत्त्वाची आहेत, तशीच १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी औरंगाबादेकडे घेतलेली छायाचित्रेही महत्त्वाची आहेत. दरबाराचे वैभव आणि प्रजेची उपासमार या दोन्ही गोष्टी एकाच छायाचित्रकाराच्या संग्रहात आढळतात, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

जन्म व शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म मेरठजवळील सरधना या गावी १८४४ मध्ये एका जैन कुटुंबात झाला. कुटुंबाचा व्यवसाय जवाहिऱ्याचा होता. त्यांनी मात्र तो न पत्करता रुरकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला व १८६६ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले.

रुरकीचे हे महाविद्यालय कालवे, रस्ते व इमारती यांच्या कामांसाठी माणसे तयार करीत असे. मोजणी, समपातळी काढणे व नकाशा रेखाटणे हे तेथील शिक्षणाचे मुख्य भाग होते. या शिक्षणाचा उपयोग दीनदयाळ यांना पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर झाला. त्यांच्या वास्तुचित्रांत खांब सरळ उभे दिसतात आणि क्षितिजरेषा ढळत नाही. इमारतीचे पूर्ण रूप कोणत्या जागेवरून दिसेल, याची निवडही त्यांत नेमकी असते. मोजणीदाराची ही शिस्त त्यांच्या कामात अखेरपर्यंत टिकून होती.

इंदूरमधील नोकरी

शिक्षण संपल्यावर दीनदयाळ इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अंदाजपत्रककार व आरेखक म्हणून रुजू झाले. नोकरीत असतानाच १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. त्यांचा आश्रय दीनदयाळ यांना लाभला. मध्य भारतासाठी गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी असलेले सर हेन्री डेली यांनीही त्यांना उत्तेजन दिले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांची भेट, तसेच १८७५-७६ मध्ये भारतात आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स यांचा दौरा, या प्रसंगी छायाचित्रे घेण्याची संधी त्यांना मिळाली.

सरकारी नोकरी सांभाळून केलेला हा उद्योग पुढे पूर्णवेळ व्यवसाय बनला. डेली यांच्यानंतर त्या पदावर आलेले सर लेपेल ग्रिफिन १८८२ मध्ये बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर घेतले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया, सांची आदी ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे दीनदयाळ यांनी घेतली. ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रिफिन यांचा ग्रंथ १८८६ मध्ये या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. वास्तुचित्रकार म्हणून दीनदयाळ यांचा लौकिक त्यामुळे भारताबाहेरही पोहोचला.

निजामाच्या दरबारात

१८८५ मध्ये व्हाइसरॉयांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराशी त्यांचा संबंध जुळला व ते दरबारी छायाचित्रकार झाले. सरकारी नोकरी सोडून ते दक्षिणेत आले आणि लष्करी छावणीचे ठिकाण असलेल्या सिकंदराबादेत त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ या नावाने ही पेढी प्रसिद्धीस आली. ज्ञानचंद व धरमचंद हे त्यांचे दोन्ही पुत्र या व्यवसायात होते.

राजवाडे, मेजवान्या, शिकारी, मिरवणुका, सैन्याच्या कवायती, पाहुणे म्हणून आलेले युरोपीय राजपुत्र व अधिकारी असे अनेक विषय या पेढीने हाताळले. निजामाच्या राज्यातील प्रेक्षणीय स्थळांचे संग्रह तिने तयार केले. हैदराबादची चारमिनार व मक्का मशीद, औरंगाबाद परिसरातील देवगिरीचा किल्ला, वेरूळचे कैलास लेणे अशी दृश्ये त्यांत येतात. ही छायाचित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मोठ्या आल्बमांत बांधली जात आणि हे आल्बम पाहुण्यांना भेट दिले जात. काचांवर क्रमांक व नावे घातलेली असल्याने एखाद्या दृश्याची प्रत गिऱ्हाइकाला क्रमांकावरून मागविता येई. छायाचित्र एका घरापुरते न राहता दूरवर पोहोचण्याची सोय अशा रीतीने झाली.

निजामाने १८९४ मध्ये त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्रकार. छायाचित्रकाराला चित्रकाराचा मान देणारा हा किताब त्या काळी विशेष होता. महबूब अली खान हे स्वतः शायर होते. दीनदयाळ यांच्या कौशल्याची स्तुती करणारा शेर त्यांनी रचल्याचे प्रसिद्ध आहे.

जनाना स्टुडिओ

पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना पुरुष छायाचित्रकारासमोर बसणे शक्य नव्हते. ही अडचण ओळखून दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ सुरू केला. त्याचे काम श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे सोपविले होते. बाहेरून कोणाची दृष्टी पडू नये म्हणून स्टुडिओभोवती उंच भिंती होत्या. येथे घेतलेली छायाचित्रे त्या त्या कुटुंबातच राहत. तरीही ज्या स्त्रियांचा चेहरा घराबाहेर कोणी पाहिलेला नव्हता, त्यांना या स्टुडिओमुळे स्वतःची प्रतिमा प्रथमच मिळाली.

मुंबईतील शाखा व सन्मान

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला. शिकागो येथे १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली होती. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकारपदाचे नियुक्तिपत्र त्यांना मिळाले. लॉर्ड कर्झन यांच्या काळात १९०३ मध्ये दिल्लीत भरलेल्या दरबाराची छायाचित्रेही त्यांच्या पेढीने घेतली.

छायाचित्रणाचे तंत्र

दीनदयाळ यांनी छायाचित्रणास प्रारंभ केला, तेव्हा ओल्या काचेची पद्धत प्रचारात होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवीत. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावे लागे. हे सर्व काही मिनिटांत उरकणे भाग असे. काच वाळली की चित्र गेले. म्हणून छायाचित्रकाराला तंबूतली अंधारखोली, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या घेऊन बैलगाडीने हिंडावे लागे. दख्खनच्या उन्हाळ्यात द्रव लवकर वाळत असल्याने हे काम अधिकच कठीण होते.

१८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि ही धावपळ कमी झाली. काच आधी आणून ठेवता येऊ लागली व चित्र घेतल्यावर ती सवडीने धुता येऊ लागली. चालती मिरवणूक, घोडदळाची कवायत किंवा शिकारीचा तळ यांची छायाचित्रे त्यामुळे सुलभ झाली. दीनदयाळ यांची हैदराबादमधील कारकीर्द या बदलाबरोबरच बहरली. वाढवून छापण्याची सोय नेहमीच्या कामात नसल्यामुळे कागदावरील चित्र काचेच्याच आकाराचे निघे. मोठे चित्र हवे असल्यास मोठी काच व तितकाच मोठा कॅमेरा वापरावा लागे.

विस्तृत दृश्य व सर्वदर्शी चित्रण

गड, शहर किंवा सैन्याचा तळ एका काचेत मावत नाही, हा त्या काळातील प्रत्येक छायाचित्रकारापुढील प्रश्न होता. भिंगाला दिसणारे क्षेत्र मर्यादित असते. माणूस उंच जागी उभा राहून स्वतःभोवती फिरतो, तेव्हा त्याला चारही दिशा दिसतात. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी त्या वर्तुळाचा एक तुकडाच टिपता येतो. सर्व बाजूंचा देखावा सलग दाखविणाऱ्या चित्राला ‘पॅनोरमा’ किंवा सर्वदर्शी चित्र म्हणतात. हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट बार्कर यांच्या गोलाकार दालनांत लावलेल्या रंगचित्रांमुळे रूढ झाला.

काचेच्या युगात यावर एकच सोपा उपाय होता. कॅमेरा तिपाईवर समपातळीत बसवून एक चित्र घ्यायचे, मग तो थोडा वळवून दुसरे घ्यायचे, असे करीत पुढे जायचे. प्रत्येक चित्राची कड मागच्या चित्रावर थोडी चढलेली असावी लागे. नंतर कागदी प्रती कापून शेजारी शेजारी चिकटवीत. फेलिचे बीआतो यांनी १८५८ मध्ये दिल्ली व लखनौ येथे अशी जोडचित्रे तयार केली होती. तिपाई किंचित कलली तर जोडावर क्षितिजाची पायरी दिसे. दोन काचांमध्ये वेळ गेला तर सावल्या सरकत. एका काचेवर प्रकाश अधिक पडला तर आकाशाचा रंग बदले. समपातळी काढण्याची ज्याला सवय, त्यालाच हे काम साधे. दीनदयाळ यांच्या रुरकीतील शिक्षणाचे मोल येथे लक्षात येते. किल्ले, छावण्या व सैन्याच्या रांगा यांच्या त्यांच्या विस्तृत दृश्यांत ही शिस्त स्पष्ट दिसते.

सांधा नसलेले चित्र मिळविण्याचे प्रयत्नही त्याच शतकात चालू होते. पॅरिसमधील फ्रीडरिख फॉन मार्टेन्स यांनी १८४० च्या दशकात वळणारे भिंग व वक्र पत्रा असलेला कॅमेरा बनविला. त्यातून सुमारे १५० अंशांचा देखावा टिपला जाई. पूर्ण वर्तुळासाठी मात्र स्वतः कॅमेराच फिरणे आवश्यक होते आणि ताठ काच त्यात चालणारी नव्हती. गुंडाळता येणारी फिल्म १८८० च्या दशकाच्या अखेरीस आल्यावर ही अडचण दूर झाली. फ्रान्समध्ये दामॉइझो यांचा ‘सिक्लोग्राफ’ १८९० च्या दशकात तयार झाला. अमेरिकेत विल्यम जॉन्स्टन यांच्या ‘सर्कट’ कॅमेऱ्याला १९०४ मध्ये पेटंट मिळाले.

या फिरत्या कॅमेऱ्याची रचना अशी असते: तिपाईच्या माथ्यावर दातेरी चक्र असते व घड्याळासारख्या कमानीच्या जोरावर कॅमेरा त्यावर सावकाश फिरतो. भिंगामागे एक अरुंद उभी फट असते. कॅमेरा फिरत असताना फिल्म त्या फटीमागून, देखाव्याची प्रतिमा सरकते त्याच वेगाने सरकत राहते. म्हणून फिल्मवर प्रतिमा स्थिर उमटते आणि दिशांमागून दिशा एका लांब पट्टीवर नोंदल्या जातात. फिल्म किती लागेल हे भिंगाच्या नाभीय अंतरावर अवलंबून असते. ते अंतर १० इंच असेल, तर पूर्ण फेरीसाठी सुमारे ६३ इंच, म्हणजे सव्वापाच फूट फिल्म लागते. या पद्धतीत सरळ रेषेत उभी असलेली रांग चित्रात वाकलेली दिसते. म्हणून मोठ्या समूहाला कॅमेऱ्याभोवती कमानीसारख्या अर्धवर्तुळात उभे करीत. चित्रात मग ती रांग सरळ उमटे.

सर्कट कॅमेऱ्याला पेटंट मिळाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी दीनदयाळ यांचे निधन झाले. त्यांचे जीवनकार्य काचेच्या युगात सामावलेले आहे. चारही दिशा टिपण्यासाठी त्यांना प्रत्येक वेळी कॅमेरा हाताने वळवावा लागला आणि कोणती दिशा टिपायची, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागले.

मराठवाड्यातील दुष्काळाची छायाचित्रे

१८९९ मध्ये पाऊस फसला आणि पश्चिम व मध्य भारतासह निजामाच्या राज्यातील मराठी जिल्ह्यांवर भीषण दुष्काळ ओढवला. उत्तरेत विक्रम संवत १९५६ वरून हा ‘छप्पनिया’ म्हणून स्मरणात राहिला. औरंगाबाद, बीड, परभणी व नांदेड हे जिल्हे तेव्हा एकाच औरंगाबाद सुभ्यात मोडत. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत आठ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आत आली. दुष्काळ, रोगराई व स्थलांतर यांचा एकत्रित परिणाम या आकड्यांत दिसतो. मनमाडहून परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्गही याच सुमारास पूर्ण होत होता.

निजाम सरकारने दुष्काळी कामे व अन्नछत्रे उघडली. या मदतकार्याची नोंद ठेवण्यासाठी दीनदयाळ यांच्या पेढीने औरंगाबाद भागात छायाचित्रे घेतली. कामावर आलेले मजूर आणि अन्नासाठी बसलेल्या पंगती त्यांत आहेत. काही छायाचित्रांत उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या स्त्री-पुरुषांना व मुलांना कॅमेऱ्यासमोर एकत्र बसविलेले आहे.

ही छायाचित्रे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, ती मदतकार्य करणाऱ्या शासनाच्या दृष्टीने घेतलेली आहेत. कृशतेचे प्रकार दाखवावेत, अशा हेतूने माणसे मांडलेली दिसतात. त्यांची नावे नोंदलेली नाहीत. त्याच पेढीने घेतलेल्या सरदार-जहागीरदारांच्या छायाचित्रांखाली मात्र नाव व किताब असतो. दुसरी गोष्ट अशी की, हेतू शासकीय असला तरी काचेवर जे उमटले ते पुसता येत नाही. मराठवाड्यातील सामान्य शेतकरी-मजुरांच्या त्या वर्षांतील अवस्थेचा हा दुर्मीळ दृश्य पुरावा आहे. लेखी अहवालांत आकडे सापडतात. त्या आकड्यांमागची माणसे या काचांवर दिसतात.

निधन व पुढील काळ

दीनदयाळ यांचे जुलै १९०५ मध्ये निधन झाले. त्यांच्या पश्चात ज्ञानचंद यांनी व्यवसाय सांभाळला. मीर महबूब अली खान १९११ मध्ये निवर्तले. छोटे कॅमेरे व गुंडाळीची फिल्म सर्वत्र पोहोचल्यावर मोठ्या काचांवर चालणाऱ्या दरबारी स्टुडिओंचे दिवस हळूहळू संपले.

संग्रह व जतन

दीनदयाळ यांच्या पेढीच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये संपादन केल्या. काच फुटण्याची, तसेच तिच्यावरील थर सुटण्याची भीती असल्यामुळे अशा संग्रहांचे जतन हे तज्ज्ञांचे काम असते. त्यांचे आल्बम लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीसह इतर संस्थांतही आहेत. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१३ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथील रॉयल ऑन्टारिओ म्युझियममध्ये त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते.

मूल्यमापन

भारतात छायाचित्रण आले ते युरोपीय अधिकारी व व्यावसायिकांच्या हातून. त्या क्षेत्रात भारतीय माणसाने सर्वोच्च व्यावसायिक स्थान मिळवावे, ही दीनदयाळ यांची पहिली कामगिरी होय. दरबार आणि इंग्रज सत्ता या दोन्ही आश्रयदात्यांना ते मान्य होते. त्यामुळे त्यांच्या चित्रांत सत्तेचा डौल ठळकपणे येतो, अशी टीकाही होते आणि ती निराधार नाही.

तथापि त्यांच्या कामाचा विचार एका आल्बमावरून न करता समग्रपणे करावा लागतो. राजवाड्याच्या पायऱ्या, शिकारीचा तळ, पडद्याआडच्या स्त्रियांचा स्टुडिओ, वेरूळचे लेणे आणि दुष्काळी छावणी ही सर्व दृश्ये शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे निजामाच्या राज्याचा विस्तृत देखावा तयार होतो. त्यात जोड दिसतात, काही दिशा रिकाम्याही आहेत. परभणीसारख्या जिल्ह्यांतील गावे, त्यांतील बाजार व शेती या देखाव्यात फारच थोडी येतात. तरीही मराठवाड्याच्या अभ्यासकाला त्या काळाकडे डोळ्यांनी पाहण्याची जी थोडी साधने उपलब्ध आहेत, त्यांत दीनदयाळ यांच्या काचांचे स्थान वरचे आहे.